मापात पाप : पेट्रोलमधले शिसे आणि ‘सामान्य’ रक्ताचा इतिहास

१/
इतिहासप्रेमींच्या वर्तुळात दर काही महिन्यांनी एक गोष्ट नव्याने फिरू लागते. थॉमस मिडग्ली नावाच्या अमेरिकी अभियंत्याने पेट्रोलमध्ये शिसे घातले. पुढे त्यानेच ओझोनचा थर विरळ करणारे क्लोरोफ्लुरोकार्बन शीतयंत्रांसाठी शोधून दिले. आणि पोलिओने जखडल्यावर अंथरुणातून उठण्यासाठी स्वतःच रचलेल्या दोऱ्या-कप्प्यांच्या यंत्रात गळा आवळला जाऊन १९४४ मध्ये तो मेला. खाली शेकडो प्रतिक्रिया येतात. बहुतेकांचा आशय एकच : करावे तसे भरावे.

२/
गोष्ट चटकदार आहे आणि तिच्यातले तपशील बव्हंशी खरे आहेत. निष्कर्ष मात्र दिशाभूल करणारा आहे. एक माणूस शोध लावू शकतो. तो शोध जगभरच्या पंपांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरणे एका माणसाचे काम नव्हे. मिडग्ली १९४४ मध्ये गेला. मोटारगाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया; तिथली विक्री थांबली जुलै २०२१ मध्ये. मधली ७७ वर्षे मिडग्लीच्या नावावर मांडता येत नाहीत.

३/
या गोष्टीला उत्तर म्हणून दुसरी मंडळी एक शहाणपणाचे वाक्य पुढे करतात : ‘भूतकाळाला आजच्या मोजपट्टीने मोजू नये. त्या काळी कोणाला काय ठाऊक होते?’ नियम उत्तम आहे. प्रस्तुत प्रकरणात मात्र तोच नियम उलटा फिरतो, कारण इथे वाद मोजपट्टीचाच होता. माणसाच्या शरीरात किती शिसे आहे, त्यातले किती गाडीच्या धुरातून आले आणि किती असणे ‘सामान्य’, हे मोजण्याचे माप जवळजवळ चाळीस वर्षे एकाच हाती होते, आणि त्या हाताचा पगार शिसे विकणाऱ्यांकडून येत होता. बाजारात ज्याला ‘मापात पाप’ म्हणतात, त्याचा विसाव्या शतकातील याहून मोठा नमुना शोधावा लागेल.

४/
पार्श्वभूमी थोडक्यात. पेट्रोल इंजिनात इंधन अवेळी पेटले की ठोके बसतात, ताकद वाया जाते, इंजिन झिजते. जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत ९ डिसेंबर १९२१ रोजी मिडग्लीला आढळले की टेट्राइथिल लेड या द्रवाचा अत्यल्प अंश मिसळला तरी ठोके थांबतात. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळूनही ते थांबत, हे त्याच प्रयोगशाळेला माहीत होते. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो. त्यावर एकस्व मिळत नाही. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमधल्या एका पंपावर शिसेयुक्त पेट्रोलची पहिली विक्री झाली. पुढच्या वर्षी जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून इथिल नावाची कंपनी काढली. नावात शिसे नव्हते, आणि ते चुकून राहून गेले असे मानण्याचे कारण नाही.

५/
ऑक्टोबर १९२४. न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात टेट्राइथिल लेड तयार करणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. काहींना बांधून ठेवावे लागले. काही दिवसांतच पाच जण दगावले. डेटन येथे आणि ड्यूपॉन्टच्या डीपवॉटर कारखान्यातही मृत्यू झाले होते. तिथल्या एका इमारतीला कामगार ‘फुलपाखरांचे घर’ म्हणत, कारण आत काम करणाऱ्यांना हवेत नसलेले किडे दिसत. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी या द्रवाला ‘वेड लावणारा वायू’ म्हटले. त्यावर मिडग्लीने पत्रकारांसमोर तो द्रव हातांना चोळून, हुंगून दाखवला. स्वतः तो वर्षभरापूर्वीच शिशाच्या बाधेमुळे फ्लोरिडात विश्रांतीला जाऊन आला होता, हे त्याने तेव्हा सांगितले नाही.

६/
लोकप्रिय गोष्ट या प्रसंगावर थबकते. खरा इतिहास याच्या पुढे सुरू होतो. कारखान्यात दाट स्वरूपातील टेट्राइथिल लेड अंगावर सांडले तर माणूस मरतो, याबद्दल कोणाचाच वाद उरला नव्हता; कंपन्यांनी कारखान्यांतील व्यवस्था सुधारली आणि मृत्यू कमी झाले. वाद उरला तो रस्त्यावरच्या माणसाचा. धुरातून रोज सूक्ष्म प्रमाणात बाहेर पडणारे शिसे त्याच्या शरीरात साचते का, आणि साचत असेल तर ते ओळखायचे कसे?

७/
२० मे १९२५ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ह्यू कमिंग यांनी वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली. हार्वर्डच्या ॲलिस हॅमिल्टन या औद्योगिक रोगांच्या अभ्यासात अग्रगण्य. शिशाचे कारखाने त्यांनी पायी पालथे घातले होते. जिथे शिशाची धूळ आहे तिथे शिशाची बाधा आहेच, असा त्यांचा अनुभव, आणि शिसे रस्तोरस्ती पसरू देऊ नये हे त्यांचे मत. येलचे यँडेल हेंडरसन यांनी आणखी नेमके सांगितले : शिसे इतक्या हळूहळू साचेल की लोकांच्या आणि सरकारच्या लक्षात येईपर्यंत ते सर्वत्र रूढ होऊन बसेल. हे १९२५ मधील उद्गार आहेत. चारच वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने रंगातील शिशावर निर्बंध घालणारा करार केला होता. ‘त्या काळी कोणाला ठाऊक होते’ या प्रश्नाचे उत्तर परिषदेच्या इतिवृत्तातच मिळते.

८/
परिषदेनंतर विक्री काही महिने थांबली आणि सर्जन जनरलनी तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने डेटन व सिनसिनाटी येथील २५२ पुरुष तपासले : गाडीचालक आणि गॅरेजमधील कामगार, काही शिसेयुक्त पेट्रोलशी संबंध असलेले, काही नसलेले. जानेवारी १९२६ मध्ये अहवाल आला : बंदी घालण्यास पुरेसा आधार नाही. काही महिन्यांची तपासणी, त्यात एकही मूल नाही, एकही स्त्री नाही. ज्या पदार्थाचा धोका वर्षानुवर्षे साचत जाण्यात होता, त्याचे माप ऋतू पालटण्याआधी घेऊन झाले.

९/
त्याच अहवालात एक इशाराही होता. तो उद्धृत करणारे फार थोडे. वापर वाढल्यास आणि पुष्कळ काळ लोटल्यास हळू चढणारे विकार दिसू शकतील, म्हणून सार्वजनिक पैशातून पुढचे संशोधन चालू ठेवावे, असे समितीने बजावले होते. सरकारने तो पैसा कधी दिलाच नाही. मोजमाप तर कोणी तरी करायला हवे होते. ते उद्योगाने आपल्या खर्चाने केले.

१०/
आता या नाट्यातील मुख्य पात्र. डॉ. रॉबर्ट केहो, सिनसिनाटी विद्यापीठातील तरुण वैद्यक. इथिल कंपनीने त्यांना वैद्यकीय सल्लागार नेमले, आणि १९३० मध्ये विद्यापीठात जनरल मोटर्स, ड्यूपॉन्ट व इथिल यांच्या पैशातून केटरिंग प्रयोगशाळा उभी राहिली. पुढची तीनएक दशके ‘माणसाच्या शरीरातील शिसे’ या विषयावर अमेरिकेत शेवटचा शब्द तिथून येई. सरकारी अधिकारी, डॉक्टर, वार्ताहर सारे तिथेच विचारीत. दुसरीकडे आकडेच नव्हते.

११/
केहो यांना खोटारडे ठरवणे सोपे आहे, आणि तेही चुकीचेच. ते मेहनती होते. स्वयंसेवकांना मोजून शिसे देऊन त्यांच्या मलमूत्रातून किती बाहेर पडते, याचा हिशेब त्यांनी वर्षानुवर्षे ठेवला. त्यांचा युक्तिवाद तीन पायांवर उभा होता : शिसे निसर्गात आहेच, म्हणून ते प्रत्येक शरीरात असणारच, शरीर ते बाहेर टाकून समतोल राखते, आणि दर डेसिलिटर (म्हणजे १०० मिलिलिटर) रक्तात साधारण ८० मायक्रोग्रॅमच्या खाली कोणाला बाधा होत नाही. दाखवा बाधा, मग बोलू, हा त्यांचा पवित्रा. पुरावा देण्याचे ओझे अशा रीतीने विष पसरवणाऱ्याच्या खांद्यावरून उतरून श्वास घेणाऱ्याच्या खांद्यावर आले.

१२/
पण खरी मेख पहिल्याच पायात आहे. डेटनमध्ये केहो यांनी टेट्राइथिल लेड हाताळणाऱ्या कामगारांची तुलना ते न हाताळणाऱ्यांशी केली. दुसऱ्या गटाच्या शरीरातही शिसे निघाले. निष्कर्ष : शिसे सर्वांच्याच शरीरात असते, ते सामान्य आहे. आता हा दुसरा गट कुठला? त्याच कारखान्यातला. म्हणजे एकाच चुलीच्या धुरात बसलेल्या दोघांपैकी एकाला ‘धुराबाहेरचा’ म्हणायचे, आणि दोघांचेही डोळे लाल आहेत म्हणून लाल डोळे निसर्गदत्त ठरवायचे!

१३/
हा आक्षेप केहो यांनाही सुचला असावा, कारण पुढे ते मेक्सिकोत गेले. मोटारी आणि कारखाने यांपासून दूर असलेल्या खेड्यांतील शेतकऱ्यांचे नमुने त्यांनी तपासले. तिथेही शिसे आढळले. आता तर शिक्कामोर्तबच झाले : यंत्रयुगाशी संबंध नसलेल्या माणसाच्या शरीरातही शिसे आहे. पण ते शेतकरी ज्या मातीच्या भांड्यांत शिजवीत आणि जेवीत, त्यांची झिलई शिशाची होती. तिखट-आंबट रस्सा त्या झिलईतून शिसे ओढून घेतो. केहो यांनी अन्नातले शिसे मोजले होते. ते अन्नात कुठून आले हा प्रश्न मात्र त्यांनी ‘निसर्गातून’ एवढ्यावर सोडून दिला. ज्या तराजूने जग तोलायचे, त्याचे रिकामे पारडेच आधीपासून जड होते.

१४/
या मापात मुले कुठे होती? १९४३ मध्ये बॉस्टनचे रँडॉल्फ बायर्स आणि एलिझाबेथ लॉर्ड यांनी २० मुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. या मुलांना शिशाची बाधा होऊन गेली होती, डॉक्टरांनी त्यांना ‘बरे झाले’ म्हणून घरी पाठवले होते. त्यांपैकी १९ मुले शाळेत मागे पडली किंवा त्यांचे वर्तन बिघडले. ही बाधा मुख्यतः रंगाचे पापुद्रे खाण्यातून झालेली. पेट्रोलचा तिच्याशी थेट संबंध नव्हता. तरी प्रौढ पुरुष कामगारावर बेतलेले ८० चे माप मुलाला लावता येणार नाही, हे यातून उघड व्हायला हवे होते. ते माप पुढे वीस वर्षे जागचे हलले नाही.

१५/
ते हलवले शिशाच्या वैद्यकाशी काहीच संबंध नसलेल्या माणसाने. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनतज्ज्ञ पृथ्वीचे वय काढत होते. युरेनियमचे शिशात रूपांतर होते, त्यामुळे खडकातील शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण अचूक मोजले तर वय निघते. पण त्यांचे आकडे वेडेवाकडे येत. नमुन्यात जितके शिसे असायला हवे त्याच्या कितीतरी पट भरे. ते येत होते हवेतून, पाण्यातून, काचेच्या भांड्यांतून, काम करणाऱ्याच्या केसांतून. पॅटरसन यांनी वर्षे घालवून जगातील पहिल्या अतिस्वच्छ प्रयोगशाळांपैकी एक उभारली, आणि १९५६ मध्ये पृथ्वीचे वय ४.५५ अब्ज वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. तो आकडा आजही टिकून आहे.

१६/
या खटाटोपातून त्यांच्या हाती एक भयंकर जाणीव लागली. जगातील बहुतेक प्रयोगशाळा शिसे मोजतच नव्हत्या. त्या आपल्याच घरातील धूळ मोजत होत्या. कोरा नमुना म्हणून जो धरला जाई, तो कोरा नसे. मग समुद्रात, बर्फात, रक्तात शिशाचा ‘नैसर्गिक’ अंश म्हणून छापलेले तोवरचे आकडे किती खरे? पॅटरसन यांनी समुद्राचे पाणी तपासले तर खोल पाण्यापेक्षा पृष्ठभागाजवळ शिसे कितीतरी जास्त. ते वरून पडत होते, आणि अलीकडेच पडू लागले होते.

१७/
१९६५ मध्ये त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्यातला मुख्य भेद समजून घेतला की हा सारा इतिहास उलगडतो. सर्वत्र आढळणारे म्हणजे ‘सामान्य’, आणि सर्वत्र आढळणारे म्हणजे ‘नैसर्गिक’ नव्हे. पृथ्वीच्या कवचातील प्रमाणावरून गणित मांडले तर औद्योगिक समाजातील माणसाच्या अंगी निसर्गतः असायला हवे त्याच्या सुमारे शंभर पट शिसे आहे, असे त्यांनी दाखवले. सगळ्यांनाच बाधा असेल, तर बाधा नसलेला माणूस तुलनेला आणायचा कुठून? छपाईपूर्वी हा लेख परीक्षणासाठी केहो यांच्याकडेही गेला होता. छापावा, अशी त्यांनी शिफारस केली. कारण छापला म्हणजे खोडून काढता येईल.

१८/
खोडून काढणे जमले नाही. जून १९६६ मध्ये सिनेटर एडमंड मस्की यांच्या उपसमितीसमोर दोघांच्याही साक्षी झाल्या. केहो आपल्या जुन्या भूमिकेवर ठाम होते. पॅटरसन यांनी सरकारी आरोग्यखात्यालाच धारेवर धरले : ज्यांचे नियमन करायचे त्यांच्याच आकड्यांवर विसंबून सार्वजनिक आरोग्य कसे राखता येईल? याची किंमत त्यांना मोजावी लागली. तेलउद्योगाकडून मिळणारे संशोधनाचे अनुदान बंद झाले, आरोग्यखात्याचा करारही पुढे चालू राहिला नाही. १९७१ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने हवेतील शिशावर अहवाल काढला, तेव्हा त्या मंडळावर पॅटरसन नव्हते.

१९/
त्यांनी मग शिसे नसलेला काळच शोधून काढला. १९६९ मध्ये मुरोझुमी आणि चाऊ यांच्यासह ग्रीनलँडच्या बर्फाचा अभ्यास प्रसिद्ध झाला : वर्षावर वर्ष साचलेल्या थरांत औद्योगिक क्रांतीपासून शिसे वाढत जाते आणि १९४० नंतर ते एकदम उसळते. १९७९ मध्ये पेरूतील प्राचीन सांगाड्यांची हाडे तपासली. आधुनिक अमेरिकी हाडांत त्यांच्या शेकडो पट शिसे भरले. केहो यांनी जो माणूस मेक्सिकोत शोधला होता, तो अखेर सापडला. तो कित्येक शतकांपूर्वी मरून गेलेला होता.

२०/
त्याच १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन या बालरोग आणि मानसरोगतज्ज्ञाचा निबंध आला. त्यांची अडचण वेगळी होती. रक्तातील शिसे गेल्या महिन्या-दोन महिन्यांचीच हकीकत सांगते. दोन वर्षांचे असताना मूल धुळीत खेळले असेल, तर सातव्या वर्षी रक्त त्याबद्दल फारसे बोलत नाही. हाडे बोलतात, पण जिवंत मुलाचे हाड कोण कापून देणार? नीडलमन यांनी दुधाचे दात गोळा केले. बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल येथील पहिली-दुसरीतल्या मुलांनी पडलेले दात आणून दिले. दाताच्या आतील थरात बालपणीचे शिसे जसेच्या तसे बसलेले असते. जास्त शिसे असलेल्या मुलांचा बुद्ध्यंक कमी शिसे असलेल्यांपेक्षा सरासरी चार-साडेचार गुणांनी कमी निघाला. दोन हजारांहून अधिक मुलांबद्दल शिक्षकांनी भरलेली टिपणेही तेच सांगत होती, आणि कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. यांपैकी एकाही मुलाला कोणी आजारी म्हटले नव्हते.

२१/
नीडलमन यांच्यावर पुढे १९९१ मध्ये वैज्ञानिक गैरवर्तनाचा आरोप झाला. आरोप करणारे तज्ज्ञ शिसेउद्योगाच्या बाजूने न्यायालयात उभे राहिलेले होते. उघड सुनावणीअंती नीडलमन निर्दोष ठरले. मिडग्लीच्या दोरीची गोष्ट सर्वांना पाठ असते. नीडलमन यांच्या चौकशीची फारशी कोणाला ठाऊक नसते.

२२/
अमेरिकेत शिसे कमी होऊ लागले ते मुलांमुळे नव्हे, ही या इतिहासातील एक कडू गंमत. १९७५ पासून नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र बसू लागले, आणि शिशाने ते यंत्र निकामी होई. मुलाच्या मेंदूसाठी जे पेट्रोल मिळाले नाही, ते गाडीच्या एका सुट्या भागासाठी मिळाले. त्या निमित्ताने एक प्रचंड प्रयोग आपोआप घडला. १९७६ ते १९८० या काळात देशभर आरोग्यसर्वेक्षण चालू होते. त्यातील हजारो रक्तनमुन्यांत शिशाची सरासरी सुमारे ३७ टक्क्यांनी घसरली, आणि घसरणीची रेघ पेट्रोलमधील शिशाच्या खपाच्या रेघेला जवळपास चिकटून उतरली. १९८२ मध्ये रेगन सरकार शिशावरचे निर्बंध सैल करण्याच्या विचारात होते. या आलेखाने तो बेत उलटवला. निर्बंध उलट कडक झाले. रस्त्यावरच्या वाहनांसाठी संपूर्ण बंदी आली १९९६ मध्ये.

२३/
तरीही एक पळवाट उरली होती : दोन रेघा एकत्र उतरल्या म्हणून एकीमुळे दुसरी उतरली कशावरून? याचे उत्तर शोधण्यासाठी इटलीत जे केले गेले, ते मोजमापाच्या इतिहासातील सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक आहे. शिशाच्या प्रत्येक खाणीला समस्थानिकांचा वेगळा ठसा असतो, जसा टांकसाळीचा नाण्यावर. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल खाणीचा ठसा युरोपात वापरल्या जाणाऱ्या शिशापेक्षा स्पष्ट वेगळा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तुरीन शहर आणि भोवतालच्या पिएमोन्ते प्रांतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये फक्त ब्रोकन हिलचे शिसे घातले गेले. मग ते हवेत आणि रक्तात किती उतरते हे पाहिले. शहराच्या हवेतील बहुतांश शिशावर ऑस्ट्रेलियाचा ठसा आला. प्रौढांच्या रक्तात मात्र साधारण एकचतुर्थांशावर.

२४/
या एकचतुर्थांशाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. शिशाच्या समर्थकांनी म्हटले : पाहा, फक्त पंचवीस टक्के! उरलेले अन्नातले, पाण्यातले, नळातले. पण अन्नात ते कुठून आले? तुरीनकरांच्या ताटातील बरेचसे धान्य-भाजी प्रांताबाहेरून येई, आणि तिथल्या शेतांवर जुन्याच ठशाचे पेट्रोली शिसे पडत होते. मातीत, रस्त्याच्या धुळीत, तुरीनकरांच्या हाडांत पूर्वीच्या दशकांचे पेट्रोली शिसे साठलेले होते, त्यावरही जुनाच ठसा. प्रयोग दोन-चार वर्षांचा, साठा दोन पिढ्यांचा. म्हणजे पंचवीस टक्के ही किमान मर्यादा होती. तिला कमाल मर्यादा म्हणून मिरवणे ही केहो यांचीच जुनी चाल : ज्याचा उगम दाखवता येत नाही, ते सारे ‘पार्श्वभूमी’च्या खात्यात टाकायचे.

२५/
भारतात १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. त्या आधीच्या काळात भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मुंबईच्या हवेतील आणि मुलांच्या रक्तातील शिसे मोजून ठेवले होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस देशातील मोठ्या शहरांत झालेल्या तपासणीत निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटर १० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे भरले. पेट्रोल बदलल्यावर काही वर्षांनी मुंबईत पुन्हा मोजले, तेव्हा हे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावर आले होते. घट मोठी आहे, आणि उरलेला तिसरा हिस्साही लहान नाही. रंग, जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे आणि स्वयंपाकाची भांडी यांकडे बोट दाखवता आले, ते पेट्रोलचा धूर बाजूला झाल्यावरच.

२६/
‘झाले ते झाले, शिसे गेले’ असे म्हणणाऱ्यांसाठी मँगनीजचे प्रकरण. विदर्भातील वाचकांना हा धातू नवा नाही. नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून तो निघतो. मँगनीजचे भरड दळणाऱ्या कामगारांना होणारा कंपवातासारखा विकार जॉन कूपर यांनी ग्लासगोत १८३७ मध्येच नोंदवला होता. इथिल कंपनीने १९५० च्या दशकात एमएमटी हे मँगनीजयुक्त मिश्रण आणले. अमेरिकेने ते १९७० च्या दशकाअखेर शिसेविरहित पेट्रोलमधून बंद केले, कॅनडाने मात्र शिशाची जागा भरायला ते घेतले. १९९७ मध्ये कॅनडाने एमएमटीची आयात आणि प्रांतांमधील वाहतूक रोखली. इथिलने उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराचा आधार घेऊन २५.१ कोटी डॉलरचा दावा लावला. १९९८ मध्ये कॅनडाने बंदी मागे घेतली आणि सुमारे १.३ कोटी डॉलर भरपाई दिली.

२७/
मँगनीज म्हणजे शिसे नव्हे, हे इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. शरीराला तो अल्प प्रमाणात लागतो, आणि पेट्रोलमधून येणाऱ्या त्याच्या सूक्ष्म अंशाने सर्वसामान्यांना बाधा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. पण त्यामुळेच मोजणे अधिक अवघड. पोटातून आलेला जादा मँगनीज यकृत गाळून टाकते. श्वासातून आलेला यकृताला वळसा घालून रक्तात शिरतो. रक्तातील एकूण आकडा पाहून तो कोणत्या वाटेने आला हे कळत नाही. टोरांटोत एमएमटी वापरात असताना लोकांच्या अंगावर हवा गाळणारी यंत्रे बांधून मोजणी झाली, तेव्हा जास्त मँगनीज भरले ते भुयारी रेल्वेने फिरणाऱ्यांच्या वाट्याला. रुळांच्या आणि चाकांच्या पोलादात तो असतो. मापाचे हे उत्तर प्रामाणिक होते. पण कॅनडाच्या रस्त्यांवर एमएमटी वीस वर्षे जळून झाल्यानंतर ते विचारले गेले; आधीची कोरी पाटी तोवर पुसली गेली होती. बाधेचा पुरावा नाही, हे वाक्य कॅनडाच्या सरकारला तडजोडीत लिहून द्यावे लागले. केहो १९९२ मध्ये निवर्तले होते, नाहीतर त्यांनी ते ओळखले असते.

२८/
८० चा आकडा पुढे कसा उतरला, तेही नोंदवले पाहिजे. अमेरिकेत मुलांसाठी चिंतेची मर्यादा १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅम होती. मग ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५, २०२१ मध्ये ३.५. मुलांची शरीरे या काळात बदलली नाहीत. पॅटरसन यांच्याच परंपरेतील संशोधकांनी औद्योगिक युगापूर्वीच्या माणसाच्या रक्तातील शिसे अंदाजे ०.०१६ मायक्रोग्रॅम धरले आहे. आणि छोटी पंख्याची विमाने आजही बहुतेक ठिकाणी टेट्राइथिल लेड घातलेलेच इंधन जाळत उडतात. कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा परगण्याने आपल्या विमानतळांवर त्याची विक्री थांबवली ती १ जानेवारी २०२२ रोजी, तिथल्या धावपट्टीजवळ राहणाऱ्या मुलांचे रक्त तपासून झाल्यावर.